चीक, खपली, फदफदं

हातकणंगले तालुक्यातल्या एखाद्या लग्नात मुंबईच्या पाहुण्याला कोणी आग्रहाने म्हणालं, ‘खपलीची खीर घ्या की आणि थोडी,’ तर पाहुण्याचा हात क्षणभर थबकतो. खपली म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर गुडघ्यावरची जखम येते. वाढणाऱ्याच्या मनात असलं काही नसतं. त्याला त्या शब्दात काहिलीत रटरटणारा गहू दिसतो, गुळाचा आणि सुंठ-जायफळाचा वास येतो. दोघंही मराठीच बोलतात, ताटही एकच आहे. अडतं ते नावापाशी.

अशा नावांचा हा संग्रह आहे. ऐकताना किळस यावी, भलताच समज व्हावा किंवा काहीच बोध होऊ नये, पण पानात पडल्यावर पुन्हा मागून घ्यावेत अशा पदार्थांची ही नावं. संग्रह मुख्यत्वे एका तालुक्याचा आहे. वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधला, आणि पंचगंगेपलीकडे हुपरी-रेंदाळपर्यंत पसरलेला हा मुलूख. कोल्हापूर-मिरज रेल्वे याच्या मधून जाते. इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी, कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर, पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची जत्रा हे सगळं एकाच तालुक्यात येतं. जैन, लिंगायत, मराठा, धनगर, मुसलमान, बौद्ध अशा सगळ्यांच्या चुली इथे शेजारी शेजारी पेटतात, आणि निपाणी-चिकोडी जवळ असल्यामुळे कानडी शब्द घरात यायला परवानगी मागत नाही. पदार्थांच्या नावांचा अभ्यास करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

खपलीपासूनच सुरुवात करतो. हा गव्हाचा फार जुना प्रकार. शास्त्रज्ञ त्याला एमर म्हणतात, इटलीत तो फारो या नावाने खातात. पश्चिम आशियात सुमारे १० हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करायला लागला तेव्हा ज्या मोजक्या धान्यांवर त्याचा हात बसला, त्यांतलं हे एक. साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो. खपलीचा होत नाही. मळणी झाल्यावरही टरफल दाण्याला धरून बसतं आणि ते सोडवायला पुन्हा कांडावं लागतं. ते चिकटून बसलेलं टरफल एकदा हातात घेऊन बघितलं की नाव पटतं. खिरीसाठी तर आणखी एक खेप. पाण्याचा हबका मारून गहू पुन्हा कांडायचा, वरचा पातळ कोंडा सुटला की सुपात पाखडायचा, रात्रभर भिजत घालायचा आणि मग दाणा फुटेपर्यंत शिजवायचा. गूळ घालायचा तो गहू पुरता शिजल्यावरच. आधी पडला तर दाणा तिथेच आकसतो आणि मग कितीही जाळ लावा, तो दडदडीतच राहतो. खोबरं, खसखस, वेलदोडा नंतर. जैन आणि लिंगायत घरांतून याच खिरीला हुग्गी असं कानडी नाव आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचे सुधारित बुटके वाण काढले, आणि आता शहरातल्या दुकानांत खपलीचं पीठ साध्या गव्हापेक्षा कितीतरी महाग मिळतं. पाकिटावर नाव खपली असंच छापलेलं असतं. मला याचा फार आनंद वाटतो. या यादीतलं एक तरी नाव आपलं रूप न बदलता शहरात गेलं.

बाकीच्यांचं तसं झालं नाही, आणि हा संग्रह करावासा वाटला तो त्यामुळेच.

पदार्थाला नाव कोण देतं, हे बघितलं की यातलं बरंच कोडं सुटतं. जेवणारा नाव देतो तेव्हा ते चवीचं किंवा देखणेपणाचं असतं. विकणारा देतो तेव्हा ते गिऱ्हाइकाला ओढणारं असतं. रांधणारी बाई नाव देते तेव्हा तिच्यासमोर तयार पदार्थ नसतोच. तिच्यासमोर असतो भिजवलेला, वाटलेला, गाळलेला, घोटलेला, अर्धवट शिजलेला माल. तिचं नाव त्या क्षणाचं असतं. हाताने काय केलं, भांड्यात काय आवाज झाला, वर काय तरंगलं, खाली काय बसलं, ते त्या नावात येतं. आपल्याला जी नावं ओंगळ वाटतात ती जवळजवळ सगळी या जातीची आहेत. ती चुलीपाशी जन्मली आणि कोणी ती धुऊनपुसून दिवाणखान्यात आणली नाहीत.

चीक घ्या. झाडाच्या खोडातून गळतो तो चीक, गाय-म्हैस व्याल्यावरचं पहिलं दूध तेही चीक, आणि कुरडया करताना गव्हाचं जे सत्त्व निघतं तोही चीकच. तिन्ही पांढरे, दाट आणि बोटाला चिकटणारे. चैत्र-वैशाखात घरोघरी गहू भिजत पडतात. तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर एक आंबूस वास पसरतो. तो ज्याला नकोसा वाटतो त्याने त्या दिवशी पाहुणा म्हणून येऊ नये. गहू बोटाने चिरडला की आतून दूध आलं पाहिजे, मग तो वाटायचा, पाण्यात कालवून पिळायचा, फडक्यातून गाळायचा आणि रात्रभर पातेल्यात झाकून ठेवायचा. सकाळी वर पिवळसर पाणी आलेलं असतं आणि तळाशी पांढराशुभ्र थर घट्ट बसलेला असतो. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं. चुलीवर मीठ-हिंग घालून आधण ठेवायचं, ते उकळलं की एकीने धार धरायची आणि दुसरीने लाटण्याने एकसारखं हलवत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. आधी पांढरं दिसणारं ते मिश्रण हळूहळू काचेसारखं पारदर्शक होतं, लाटण्याला ओढ लागते, भांड्याच्या कडा सुटतात. तो झाला चीक. सोऱ्यात भरून कुरडया घालायच्या आधी घरातली पोरं वाट्या घेऊन रांगेत उभी असतात. कोणी दूध-साखर घालून खातं, कोणी कच्चं तेल आणि चटणी घालून. कुरडई वर्षभर पुरते, चीक त्या सकाळीच संपतो. त्याला हॉटेलच्या कार्डावर जागा नाही, कारण तो विकण्यासाठी कोणी केलाच नाही, आणि नाव बदलायची गरज कधी कोणाला पडली नाही.

फडक्यात जो चोथा उरतो तोही टाकत नाहीत. त्यात मिरची, जिरं, मीठ घालून त्याच्या वड्या वाळवतात. त्या भुसवड्या. भुसा हा गुरांच्या गव्हाणीतला शब्द, आणि तो माणसाच्या ताटातल्या पदार्थाला लावायला त्या बायकांना काही वाटलं नाही. भुसा होता, म्हणून भुसवडी. आषाढातल्या झडीत तळलेली भुसवडी आणि गरम आमटी-भात ज्यांनी खाल्लाय त्यांना मी काही सांगायला नको.

पुरणपोळीच्या दिवशीही तेच. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवायची आणि शिजली की पाणी काढून घ्यायचं. या काढून घेण्याला इकडे येळणं म्हणतात, आणि त्या पाण्याची आमटी ती येळवणी. कोणी कट म्हणतं, कोणी कटाची आमटी. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, लवंग-दालचिनी, थोडं पुरण, आणि वरून तिखटाचा तवंग. सणाच्या दिवशी ती पोळीशी खातात. खरी चव दुसऱ्या दिवशी भाताशी आणि शिळ्या पोळीशी. पुढे हाच कट शब्द मिसळीच्या गाड्यावर गेला. मिसळीवर ओततात त्या लालभडक रश्श्याला कोल्हापुरात आणि इचलकरंजीत कट म्हणतात, ‘कट वाढा’ म्हटलं की पळीने तो मिसळीवर येतो. त्याचा डाळीच्या पाण्याशी संबंध उरलेला नाही, पण पातळ, झणझणीत आणि वर तेल तरंगणारं एवढी ओळख कायम राहिली.

आवाजावरून आलेली नावं हा माझ्या आवडीचा भाग. अळूचं फदफदं हे त्यांतलं सगळ्यांत बदनाम. ही भाजी इकडची एकट्याची नाही, सबंध महाराष्ट्राच्या लग्नाच्या पंगतींनी ती खाल्ली आहे. अळू शिजवून घोटल्यावर, डाळीचं पीठ लावून पुन्हा आधण आलं की दाट भाजीतून बुडबुडे वर येतात आणि फुटताना जो आवाज करतात तोच नावात आहे. हल्ली निमंत्रणपत्रिकेबरोबर येणाऱ्या बेताच्या यादीत ‘अळूची पातळ भाजी’ असं लिहितात. त्या नावाने भाजी किती घोटायची, किती दाट ठेवायची हे कळत नाही. फदफदं म्हटलं की कळतं, कारण तो आवाज आला नाही तर भाजी झालेली नसते. डुबुकवड्या तशाच. उकळत्या रश्श्यात पिठाचे गोळे सोडताना होणारा तो डुबुक. धपाटे थापण्याच्या आवाजाचे आणि कृतीचे, पाठीत बसतो त्याच धपाट्याचे सख्खे. खरडा हा तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे भाजून तिथेच तांब्याच्या बुडाने खरडायचा असतो. मिक्सरमधून काढलेल्याला लोक आजकाल खरडा म्हणतात, पण ज्याला खरडलंच नाही त्याला ते नाव शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घोटून होतं ते उडदाचं घुटं. आणि हुलग्याचं माडगं: भाजलेल्या हुलग्याचं पीठ, गूळ, पाणी. नाव ऐकून काही समजत नाही, पण पावसाळ्यात भिजून आलेल्या माणसाला याच्याइतकं काही तारत नाही.

कानडीचा हात ज्या नावांत आहे त्यांचा वेगळा विचार करावा लागतो. त्यांच्यात फसगत मराठी कानामुळे होते. मुद्दा भाजी म्हणजे वादातला मुद्दा नव्हे. कानडीत मुद्दे म्हणजे गोळा, आणि पालक, चाकवत किंवा मेथी डाळीबरोबर शिजवून, घोटून गोळा होईल इतकी आटवली की ती मुद्दा भाजी. हीच जरा सैल राहिली तर गरगटं. कडबू ऐकून शहरातल्या माणसाला जनावराचा कडबा आठवतो. तो पुरण भरून केलेला कानवला, कानडीतला कडुबू. जवारी हा शब्द तर रोज फसवतो. जवारी कोंबडी, जवारी वांगी, जवारी मिरची असं भाजीबाजारात ओरडून विकतात आणि नवखा माणूस विचारतो, कोंबडीला ज्वारी घातली काय? जवारी म्हणजे गावठी, मूळची, संकर न झालेली. आज ज्याला देशी वाण म्हणून बियाणे बँकांत जपतात, त्याला या भागातल्या भाजीवाल्या बायकांनी एका शब्दात कधीच वेगळं काढून ठेवलं होतं.

शुद्ध मराठी शब्दही इथे आल्यावर वळण घेतात. चटणी म्हणजे इकडे पाट्यावर वाटलेली ओली चटणी नाही. उन्हाळ्यात ब्याडगी रंगासाठी आणि संकेश्वरी तिखटपणासाठी घेऊन, वाळवून तळलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे आणि खडा मसाला घालून कांडून आणलेली वर्षाची लाल पूड ती चटणी. घरात चटणी आहे म्हणजे निम्मा स्वयंपाक आहे. बाहेरून आलेल्या नव्या सुनेला सासूबाई ‘आमटीत दोन चमचे चटणी टाक’ म्हणतात आणि ती डब्यांमध्ये खोबऱ्याची चटणी शोधत बसते, हे या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेलं आहे. कोरड्यास म्हणजे कोरडं काही असेल असं वाटतं. ते असतं पातळ कालवण, कोरड्या भाकरीच्या जोडीला घ्यायचं म्हणून कोरड्यास. शेंगा म्हटलं की पुणेकराच्या मनात शेवगा येतो, इथे भुईमूगच. वरणा हे कडधान्य, वरणाशी त्याचं नातं नाही. डांगर म्हणजे खानदेशात भोपळा, मराठवाड्यात खरबुजासारखं फळ, आणि आमच्याकडे उडदाचं भाजलेलं पीठ, दह्यात कालवून कच्च्या कांद्याबरोबर खायचं. रवा विचाराल तर किराणा दुकानात तो शिऱ्याचा, पण गुऱ्हाळात आणि कोल्हापूरच्या गूळ बाजारात रवा म्हणजे गुळाची अखंड ढेप. बाजार समितीत गुळाची आवक रव्यांतच मोजतात. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाहेरचे व्यापारी नाव शिकले, पण एक रवा एका माणसाने उचलायचा तर किती जड असतो हे अजूनही पाहिल्याशिवाय कळत नाही.

अळणी मात्र सगळ्यांवर कडी आहे. शब्दाचा अर्थ बिनमिठाचं. कोल्हापुरी अळणीत मीठ असतं. मटण आलं-लसूण, हळद, मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवतात, चटणी अजून पडलेली नसते, आणि ते जे स्वच्छ पिवळं पाणी निघतं ते अळणी. आधी लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना वाढतात, थोडा अळणी भातही वेगळा निघतो. मग उरलेल्याची वाटणी होते. एका भागात खोबऱ्याचं दूध, तीळ-खसखशीचं वाटण, लवंग-वेलदोड्याची फोडणी, तो पांढरा रस्सा. दुसऱ्यात चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, तो तांबडा. म्हणजे ज्या दोन रश्श्यांवर कोल्हापूरचं नाव चालतं त्या दोघांची आई अळणी. इथल्या जिभेने मिठाची नाही तर चटणीची उणीव मोजली आणि ज्यात चटणी नाही त्याला अळणी म्हटलं. एखाद्या मुलखाची चव समजून घ्यायला मला हे एक नाव पुरेसं वाटतं.

महाराष्ट्रभर फसव्या नावांची अशीच रेलचेल आहे, ती इथे फक्त स्पर्श करून सोडतो. जुन्नर-नगरकडच्या मासवडीत मासा नाही, बेसनाच्या गुंडाळीत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं आणि कापलेली वडी आकाराने माशासारखी दिसते. खेकडा भजी कांद्याची. कोकणातल्या कोंबडीवड्यांत कोंबडी नसते, ती शेजारच्या वाटीत. डाळिंबी उसळ वालाची. नागपूरच्या सांबारवडीत सांबार शोधू नका, तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. रायगडची पोपटी मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची. भोगीच्या दिवशी सगळ्या भाज्या एकत्र होतात ती लेकुरवाळी, आणि या नावाबद्दल मला विशेष माया आहे. जत्रेत पोरं ज्यासाठी हट्ट करतात ते साखरेचे म्हातारीचे केस.

जगातही हे सगळीकडे आहे. चीनमधल्या चेंगडूच्या प्रसिद्ध थंड मांसाच्या पदार्थाचं नाव शब्दशः नवरा-बायकोच्या फुप्फुसाचे काप असं होतं, आणि आज त्यात बहुधा फुप्फुस नसतंच. २००८च्या ऑलिंपिकआधी बीजिंगच्या प्रशासनाने परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेलांतल्या पदार्थांची इंग्रजी नावं सुधारून एक यादी काढली, त्यात या नावालाही हात लावला. इंग्रज स्वतः पिठात भाजलेल्या सॉसेजला बिळातला बेडूक म्हणतात आणि आपल्या बोंबलाला त्यांनी मुंबईचं बदक करून ठेवलं. पाहुण्याला घाबरवू नये ही बीजिंगकरांची भावना मी समजू शकतो. पण पाहुण्याला नाव समजावून सांगणं आणि घरचंच नाव पुसून टाकणं यांत फरक आहे, आणि आपल्याकडे दुसरं घडतंय.

ते कसं घडतं याचा माग काढता येतो. मराठीत पाककृतींची पुस्तकं छापली जाऊ लागली त्याला १८७५च्या ‘सूपशास्त्र’पासून दीड शतक होतंय. १९७० साली सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने हजारो नव्या संसारांना स्वयंपाक शिकवून गेलं. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. पण छापताना कोणती तरी एक बोली प्रमाण धरावी लागते, आणि ती बहुतेक वेळा शहरातल्या पांढरपेशा स्वयंपाकघराची धरली गेली. गरगटं, घुटं, माडगं, येळवणी ही नावं काठावर राहिली. त्यानंतर हॉटेलं आली. त्यांनी तर आमच्या गावाचंच नाव उचलून पदार्थाला लावलं. देशभरातल्या हॉटेलांत व्हेज कोल्हापुरी नावाची लाल, जाळणारी भाजी मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात ती रांधली जात नाही. इथल्या रोजच्या जेवणात कांदा-लसणाची चव पुढे असते, तिखटाचा जाळ नाही, आणि जिल्ह्याचा सर्वांत नाजूक पदार्थ पांढरा आहे. ‘कोल्हापुरी’ हे आजचं सर्वांत दिशाभूल करणारं नाव आहे असं मी म्हणेन, आणि ते गोड दिसणारं आहे म्हणून त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

आता एका अवघड गोष्टीकडे येतो. संग्रह चालू असताना अनेक घरांत मला नावं मोकळेपणाने सांगितली गेली, पण काही नावांशी आवाज खाली गेला. रक्ती, वजडी, मुंडी, पाया. जत्रेच्या बकऱ्याचं रक्त धरून ठेवायचं, ते थिजलं की तुकडे करून कांदा, तेल आणि चटणीवर परतायचं, ती रक्ती. नाव इतकं सरळ की आडपडदाच नाही. आज कोल्हापूरच्या रस्त्यांवर खाणावळींच्या फलकांवर रक्ती-मुंडी ठळक अक्षरांत लिहिलेलं दिसतं, गाड्या थांबवून लोक खातात. तरी बहुतेक छापील पाकपुस्तकांत हे नाव शोधून सापडत नाही, आणि ज्यांच्या घरी ते रोजचं होतं त्यांना ते सांगताना अजून अवघडायला होतं. कारण उघड आहे. चांगलं मांस ज्यांच्या वाट्याला येत नव्हतं त्यांनी उरलेल्यातून हे पदार्थ उभे केले, आणि पदार्थाबरोबर त्यांच्या नावांनाही जात चिकटली.

१२व्या शतकात, ११२९च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचं प्रकरण आहे. त्यात मांड्यांचा पूर्वज मंडक आहे, तसे आतड्यांचे पदार्थ आहेत आणि शेतातले उंदीर भाजण्याची रीतही आहे. राजाच्या ताटात असलं की तेच पाकशास्त्र ठरतं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ त्यांच्या मूळ नावांसकट लिहिले, चान्यांपासून, म्हणजे गोमांसाच्या वाळवलेल्या पट्ट्यांपासून, रक्तीपर्यंत. दलित आत्मकथनांतून ही नावं आधी आली होती, पण ती बहुतेक वेदनेच्या प्रसंगांत. पाटोळ्यांनी त्यांना पाककृती म्हणून मांडलं: किती घ्यायचं, कसं शिजवायचं, कशाबरोबर खायचं. माझ्या मते मराठी अन्नलेखनातलं हे फार महत्त्वाचं पाऊल आहे आणि या संग्रहाला त्याचं ऋण आहे. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. चान्यांसारखे शब्द आता तोंडात राहिले तरी ताटात येण्याचा रस्ता बंद झालाय, आणि असं झालं की शब्द एका पिढीत विरतो.

हातकणंगले तालुक्यावर या बाबतीत अधिक जबाबदारी आहे असं मी मानतो. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी याच तालुक्यातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते. त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचं दुकान काढायला बळ दिलं आणि गाडी थांबवून तिथला चहा घेतला. कोणाच्या हातचं खायचं या प्रश्नाला इथे शंभर वर्षांपूर्वी उत्तर देऊन झालं आहे. मग कोणाच्या ताटातलं नाव पुस्तकात लिहायचं, याला आज संकोच असण्याचं कारण नाही.

मांडणीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. नावं ज्या उच्चारात ऐकली त्याच उच्चारात लिहिली आहेत. येळवणीचं वेळवणी केलं नाही, घुट्याला घोटीव वरण म्हटलं नाही. एकाच पदार्थाला दोन गावांत दोन नावं असतील तर दोन्ही नोंदी स्वतंत्र आहेत आणि एकीतून दुसरीकडे जायची सोय केली आहे. प्रत्येक नोंदीत नावामागची कृती आधी येते, साहित्य नंतर, कारण गरगटं आणि मुद्दा यांचं साहित्य सारखंच असतं आणि फरक फक्त किती वेळ आटवलं याचा असतो. मापं वाटीची दिली आहेत, पण जिथे सांगणारीने ‘अंदाजानं’ म्हटलं तिथे तो शब्दही ठेवला आहे.

सुरुवातीला मनात होतं की प्रकरणं पाडावीत: सणाचे पदार्थ, रोजचे, उपासाचे, मांसाहारी. तसं करून बघितल्यावर दिसलं की पुरणपोळी, हुग्गी, कडबू पहिल्या प्रकरणात जाऊन बसतात आणि रक्ती, वजडी, भुसवड्या, माडगं शेवटाला ढकलली जातात. म्हणून प्रकरणं मोडली आणि सगळं अकारविल्हे लावलं. त्यामुळे अनारसे आणि अळणी आता एकाच अक्षरात आहेत, पांढऱ्या रश्श्यानंतर दोन-चार पानांत पुरणपोळी येते, आणि रक्तीची नोंद ‘र’मध्ये पहिली आहे. तिच्या मागे गुळाचा रवा, आणि त्याच्या मागे संक्रांतीचा राळ्याचा भात.